पाचशेला साठ कमी

"वो कुंता, येत्या संक्रांतीच्या आत मी दिवाळं काढतो का नाई पाह्य!" असं लटारू पडदेवाल्यानं छाती पुढं काढून जाहीर केलं, तेव्हा त्याची बायको चुलीपुढं बसून ओल्या लाकडांशी झगडत होती. लोक पोरीचं लग्न ठरल्यावर ज्या थाटात बोलतात, त्या थाटात हा गृहस्थ दिवाळ्याबद्दल बोलत होता! बरं, एकट्या बायकोजवळ बोलला असता तरी निभलं असतं. पण वडशाच्या बाजारात, स्टेशनवर, बिरजूच्या हॉटेलात, जिथं म्हणून दोन माणसं भेटतील तिथं त्यानं हेच सांगत सुटावं!

"दिवाळं काढाले बी अक्कल लागते म्हणतेत," कुंता धुरातून म्हणाली. "कर्ज काढाले नाई लागत."

बायका असं बोलतात आणि मग आपण भरडल्या जातो म्हणून रडतात, असं लटारूला वाटलं. 

लटारू ढिवराच्या घरातला. बाप-आजे तलावात जाळी टाकत मेले. यानं जाळं सोडून कुंचला धरला. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं उभी राहतात, आणि नाटकाला पडदे लागतात. राजवाडा, जंगल, रस्ता, तुरुंग असे चार पडदे लटारूनं रंगवले होते आणि रात्रीच्या भाड्यानं तो ते फिरवायचा. बरं चाललं होतं. पण सन त्रेपन्नच्या हंगामात त्याला मोठेपणाची हौस आली! बाबुलाल सेठच्या दुकानातून थानच्या थान कापड उधार आणलं, मन्सूरभाईकडून रंग उधार आणला आणि चारही पडदे नवे कोरे केले. पहिल्याच खेळाला अवकाळी पाऊस कोसळला. पाण्यानं विरघळणाऱ्या सरसात कालवलेला रंग तो! दुसऱ्या अंकात राजवाड्याचे खांब वितळून राणीच्या पदरावर आले, तिसऱ्या अंकात जंगल वाहून रस्त्याला मिळालं. गाववाल्यांनी भाडं तर दिलं नाहीच, वर राणीच्या लुगड्याची भरपाई मागितली.

तेव्हापासून लटारूचा जीव थाऱ्यावर नव्हता. डागाळलेले पडदे निम्म्या भाड्यानंसुद्धा कुणी नेईना. बाबुलाल सेठनं दावा लावून हुकूमनामा मिळवला होता आणि पडदे जप्त करतो म्हणून तो आठवड्याला निरोप धाडत होता. पडदे गेले तरी सेठचं अर्धं कर्जसुद्धा फिटणार नव्हतं. नवा पडदा रंगवावा, तर तोही सेठच ओढून नेणार! रात्रंदिवस तीच ती आकडेमोड करून माणूस वाळून चालला होता. हात रंगाला शिवत नव्हता, आणि खरं सांगायचं तर भातही गोड लागत नव्हता.

अशात तो चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेला. तेव्हा गडचिरोली काही वेगळा जिल्हा नव्हता, मोठ्या कोर्टाचं काम पडलं की सगळ्या झाडीनं छोट्या लाइनीची गाडी धरून चांदा गाठायचं. कोर्टाबाहेर चिंचेखाली रहीम मुन्शी लोकांचे अर्ज लिहायचे. त्यांनी चष्मा पुसत पुसत लटारूला वाटा समजावल्या.

"एक तं सेठच्या पाया पड, कमीजास्ती करून समझोता कर. दुसरी, कोर्टाकडून हप्ते बांधून घे. अन् तिसरी म्हंजे नादारीचा अर्ज. माह्याजवळ देण्यापुरतं नाई, असं कोर्टापुढं कबूल करायचं. कोर्ट तुहे पडदे विकून सगळ्यायले वाटून देते, अन् उरलेल्या कर्जातून पुढं तुले मोकळा करते."

"अन् कुंचले?"

"कुंचले, रंगाचे डबे, रांधायची भांडी, आंगावरचे कपडे. याले कोर्ट हात लावत नाई."

लटारूचे डोळे भरून आले. पडदे गेले तर गेले! कुंचला राहतो, हात राहतात, आणि डोक्यावर कुणाचं काही नाही. पुन्हा एका कोऱ्या कपड्यापुढं उभं राहता येईल. सहा महिन्यांत त्याला असं हलकं वाटलं नव्हतं.

"लिहा मुन्शीजी! आत्ताच लिहा!"

"किती हाये एकूण?"

"बाबुलाल सेठचे तीनशे साठ. मन्सूरभाईचे शंभर."

मुन्शींनी टाक खाली ठेवला. "चारशे साठ. मंग नाई जमत, भाऊ. पाचशेच्या खालच्या माणसाले कोर्ट नादार करत नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे अजून चाळीस रुपये कर्ज पाह्यजे!"

घ्या! कर्जातून सुटायला कर्ज कमी पडलं! लटारू जन्मभर पैशाला कमी पडत आला होता, पण कर्जालाही कमी पडेल असं त्याला वाटलं नव्हतं.

पण चाळीस रुपये कर्ज म्हणजे काय मोठं? ज्यानं साडेचारशे सहज केलं, त्याला चाळीस करायला किती वेळ! याच हिशोबानं तो वडशाला परतला आणि छाती पुढं काढून गावभर सांगत सुटला. तिथंच चुकलं.

पहिल्यांदा तो बिरजूच्या हॉटेलात गेला. "बिरजूभाऊ, दहा रुपये उधार दे."

बिरजू चहा गाळता गाळता थांबला. "काल इथीच बसून तू मले दिवाळं काढून राह्यलो म्हणून सांगतलं. अन् आज उधार मागून राह्यला? मले काय येडा समजला काय? कालच्या चहाचे दोन आणे ठेव!"

दोन आणे रोख गेले. मग तो धानाच्या गोदामावर गेला, सुताराकडे गेला, सोयऱ्यांकडे गेला. सगळ्यांनी त्याचं दुःख ऐकून घेतलं, माना हलवल्या आणि कनवटीला हात लावून बसले. शेवटी जीव मुठीत धरून तो बाबुलाल सेठच्याच पायरीवर चढला.

"सेठजी, चाळीस रुपयाचं कापड उधार द्या जी."

सेठनं त्याला वरून खाली पाहिलं. सेठ मोठा हुशार! ज्याच्यावर हुकूमनामा आहे तो कापड मागतो, म्हणजे याला कुठंतरी मोठं काम लागलं असलं पाहिजे. "काम भेटलं वाटते! वा, वा! मंग माहे पैसे पैले दे. थांब, मी उद्याच जप्तीले कोर्टाचा अमीन पाठवतो!" लटारू पायरीवरून उतरला तो थेट घरी येऊन पांघरूण घेऊन पडला.

दुसऱ्या दिवशी अमीन काही आला नाही, पण मन्सूरभाई हसत हसत दारात उभे! माणूस सोन्यासारखा, पण वेळ कशी साधावी हे अल्लानं त्यांना शिकवलं नव्हतं.

"लटारूभाऊ, खुशखबर! कुरखेड्याच्या मंडळीकडं तुहं मागच्या वर्षीचं भाडं अटकलं होतं ना? नाटकाच्या गॅसबत्त्या द्यायले गेलो तं मी त्यायले असा धरला, असा धरला! वीस रुपये काढले. तुह्या उधारीत जमा केले. आता फकत ऐंशी राह्यले!"

"काऊन केलं तुमी असं, मन्सूरभाई!" लटारू कपाळ बडवत ओरडला. मन्सूरभाई बिचारे घाबरले. उधारी कमी झाली म्हणून रडणारं गिऱ्हाईक त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. कुंतानं त्यांना पाणी दिलं आणि नवऱ्याचं डोकं सध्या ठिकाणावर नाही असं हळूच सांगितलं.

आता चारशे चाळीस. पाचशेला साठ कमी!

एकच दार उरलं होतं, आणि त्या दारात जायचं लटारूनं आजवर टाळलं होतं. आरमोरीला त्याची मोठी बहीण गोकुळा राहायची. विधवा, आठवडी बाजारात सुकी मासळी विकून पोट भरणारी. माय मेली तेव्हा लटारू चार वर्षांचा होता. हिनंच त्याला कडेवर वागवला. तिच्या दारात बसून तो खाली मान घालून बोलला.

"बाई, कामाले साठ रुपये पाह्यजे होते."

गोकुळाबाईनं कशाला म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या बाजाराच्या दिवशी तिनं त्याच्या हातावर साठ रुपये ठेवले. तिच्या हातातले चांदीचे गोट दिसत नव्हते. लटारूनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. माणूस बुडायला लागला की असा हलकट होतो.

साठ रुपये घेऊन तो चांद्याला मुन्शींपुढं बसला. लिहिणावळ, कोर्टाची फी, गाडीभाडं, सगळं त्यातूनच गेलं. दिवाळखोर व्हायलाही रोख लागते!

"सावकार नंबर तीन, गोकुळाबाई," मुन्शी लिहीत म्हणाले. "पाचशे बरोबर झाले."

"तिचे तं मी देईनच मुन्शीजी, कोर्टानं सोडलं तरी."

"तुहं तू पाह्य. पण अर्जात सारे सावकार सारखे. जे सेठच्या वाट्याले येईन, त्याच भावानं तिच्या. कायद्याले बहीण नाई राहत, भाऊ."

 तिचे गोट तो कायद्यानं बुडवायला निघाला होता. परत फिरावं असं एकदा लटारूला वाटलं, पण डोळ्यापुढं तो कोरा कपडा उभा राहिला. त्यानं सही केली.

आता कोर्ट म्हणजे कोर्ट. तिन्ही सावकारांना नोटिसा गेल्या. लटारूला वाटलं होतं, बहिणीला कोण विचारतो! पण पट्टेवाला आरमोरीला गोकुळाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. तिला अक्षर येत नव्हतं. कोतवालानं कागद उलटसुलट करून वाचला. "तुह्या भावाचं कोर्टात काई हाये. तुले चांद्याले बोलावलं." एवढ्यावर गोकुळाबाईनं ओळखलं, भाऊ कैदेत चालला! तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही, देवाला कोंबडं कबूल केलं आणि पहाटे वडशापर्यंत पायी येऊन गाडीत बसली.

तारखेला कोर्टात एका बाजूला बाबुलाल सेठ वकिलासह, मध्ये मन्सूरभाई अत्तर लावून, आणि दारात भाकरीचं गाठोडं घेतलेली गोकुळाबाई! 

सेठचं झालं, मन्सूरभाईंचं झालं. चारशे चाळीस कबूल. मग गोकुळाबाईला शपथ दिली.

"बाई, या लटारूकडून तुमचे साठ रुपये येणं आहेत का?" जज्जसाहेबांनी विचारलं.

तिनं भावाकडे पाहिलं. भाऊ पांढराफटक पडलेला. 'हो म्हण, हो म्हण' म्हणून तो मान हलवत होता. तिला वाटलं, भीतीनं कापतो आहे लेकरू!

"नाई जी साहेब! माहं काईच येणं नाई याच्याकडं!"

"तुम्ही पैसे दिलेच नाहीत?"

"देलेत ना! शपथ घेतली तं खोटं काऊन बोलू? पण उधार नाई देले. भाऊ हाये तो माहा! लहानाचा मोठा केला. भावाले देल्लं परत घेते काय कोणी?"

"साहेब!" लटारू ओरडला. "मी देणं लागतो! साठ रुपये! उधारच होते!"

"गप बस रे! घाबरू नको, मी हाये ना!"

"बाई, तुह्या पाया पडतो, लागतो म्हण!"

"नाई लागत! साहेब, पैलेपासून असाच हाये तो. दुसऱ्यानं काई केलं तरी आपल्या आंगावर घेते."

सेठचा वकील रुमालात तोंड घालून हसत होता. देणारा देणं लागतो म्हणून रडतो आहे आणि घेणारी नाही नाही म्हणते आहे, असा खटला त्या खोलीत कधी उभा राहिला नसेल. जज्जसाहेबांनी बराच वेळ दोघांकडे पाहिलं. ते हसले नाहीत. मग त्यांनी मान खाली घालून लिहिलं. कर्ज चारशे चाळीस, पाचशेच्या आत, सबब अर्ज खारीज.

बाहेर चिंचेखाली लटारू मटकन बसला. सेठची माणसं पुढच्या आठवड्यात पडदे नेणार होती आणि उरलेलं कर्ज जसंच्या तसं मानेवर राहणार होतं. गोकुळाबाईनं भाकर सोडली आणि मोठा तुकडा त्याच्या हातात दिला. दोन दिवसांचा उपास सुटल्यानं तिचा चेहरा कसा फुलला होता! वीस वर्षांत लटारूनं तिला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. खरं काय ते सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि त्यात भाकर कोंबली.

रहीम मुन्शी जवळ येऊन हळूच म्हणाले, "जीव छोटा करू नको, भाऊ. अजून एक कलम हाये. सेठनं वारंट काढून तुले कैद केलं, तं मंग पाचशेची अट नाई. कैदेतून अर्ज करता येते. तेवढी एकच वाट राह्यली."

मुन्शींचं बोलणं हळू असलं तरी 'कैद' हा शब्द गोकुळाबाईनं बरोबर ऐकला. ती पदर खोचून उभी राहिली.

"कोण कैद करते त्याले? लटारू, तू बिलकुल फिकर करू नको. वारंट आलं का मले फकत एक निरोप धाड. आजच्यासारखीच येईन अन् सोडवून नेईन!"