कौन्सिलर सबनीसांचं मत

कौन्सिलर झाल्यापासून ज्ञानेश्वर सबनीसचा आवाज जरा वाढलाच होता. हॅमरफील्ड या विलायती गावाच्या, बांधकामांना परवानगी देणाऱ्या प्लॅनिंग कमिटीवर त्याची वर्णी लागली, तेव्हा त्याची बायको सुचेता म्हणाली, आता घरातले पडदे बदलायलाही अर्ज करावा लागणार.

गावाच्या कडेला ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचा जुना ट्रॅक होता. मालकांना तिथल्या प्रेक्षकांच्या पडक्या स्टँडच्या जागी जुगाराच्या मशीन्सचा हॉल बांधायचा होता आणि परवानगीचा निर्णय ज्ञानेश्वरच्याच कमिटीकडे होता.

मधुमतीकाकू त्यासाठीच त्याच्याकडे आल्या. निवडणुकीत त्याची पत्रकं घेऊन त्या दारोदार फिरल्या होत्या. बदल्यात कधी काही मागितलं नव्हतं. त्यांचा मुलगा वरद अशाच मशीन्सपायी युनिव्हर्सिटी सोडून बसला होता. आता कुठे वेअरहाउसमध्ये कामाला जाऊ लागला होता, आणि त्याचा रस्ता त्या ट्रॅकवरूनच जायचा. नीट विचार कर, एवढंच काकू म्हणाल्या.

ज्ञानेश्वरने विचार केला असता. पण त्याच आठवड्यात मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं आणि त्याच्या हातात माइक आला. आपण या गावात आहोत तोवर एक मशीनसुद्धा बसू देणार नाही, असं त्याने जाहीर केलं. टाळ्या पडल्या तसा तो बोलतच राहिला. मंडळाच्या उत्साही सेक्रेटरीने, शार्दूलने, व्हिडिओ फेसबुकवर टाकला, इंग्रजी सबटायटल्ससकट.

तो ट्रॅकच्या वकिलांनी पाहिला. कौन्सिलच्या कायदा सल्लागार बाईंनी ज्ञानेश्वरला बोलावून समजावलं, की दोन्ही बाजू ऐकण्याआधीच ज्याने निकाल ठरवला त्याला मत देता येत नाही. आपलं मन उघडं आहे, हे लोकांना दिसलं पाहिजे.

दिसलं पाहिजे म्हटल्यावर शनिवारी तो सुचेताला घेऊन थेट ट्रॅकवर गेला. गुपचूप बघून यायचं होतं. सुचेताने गंमत म्हणून 'लेझी मंडे' नावाच्या कुत्र्यावर पैसे लावले आणि तो पहिला आला. तिने आनंदाने नवऱ्याला मिठी मारली. ट्रॅकचा फोटोग्राफर जवळच होता. पुढच्या आठवड्यात गावच्या पेपरात कौन्सिलर, त्याची बायको आणि विजेता कुत्रा झळकले. मनाचं माहीत नाही, तोंडं मात्र तिघांचीही उघडी होती.

आता हॉलला विरोध करणारेही बिथरले. ट्रॅकवाले त्याला विरोधक म्हणत, विरोधक त्याला ट्रॅकवाल्यांचा माणूस म्हणत. त्याने कमिटीत बसू नये, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

मीटिंगच्या दिवशी ज्ञानेश्वर दाराबाहेर बाकावर बसला. आत काकूंना बोलायला तीन मिनिटं मिळाली. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. "माझा मुलगा मशीनसमोर बसला होता," त्यांचा आवाज दारातून आला. "मी मागून हाक मारली. त्याला स्वतःचं नावसुद्धा ओळखू आलं नाही."

मग मतं मोजली गेली. अगदी निम्मी-निम्मी पडली. अध्यक्षांनी आपलं जादा मत टाकलं आणि हॉलला परवानगी मिळाली. बाहेर एका माणसाचं मत तसंच बसून होतं.

काकू बाहेर आल्या तसा तो नियम काय, सल्लागार बाई काय म्हणाल्या, ते सांगायला लागला. काकूंनी थोडं ऐकून घेतलं.

"ज्ञानेश्वर, तुझं बोलणं ऐकायला नव्हतं रे मी मत दिलं," त्या म्हणाल्या. "तुझ्या मतासाठी दिलं होतं."

वरदची शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. ज्ञानेश्वरने काकूंना गाडीत घेतलं आणि दोघं वेअरहाउसपर्यंत गेले. वरद मागे येऊन बसला. निकाल त्याला फोनवर आधीच कळला होता.

"माझा आई बोलला ना तिथे?" इथेच जन्मलेल्या वरदने आपल्या मराठीत विचारलं. "आणि काका, तुम्ही काय बोललात?"

"काहीच नाही."

"तुम्ही? काहीच नाही? सीरियसली?"

आणि वरद हसायला लागला. चांगला पोट धरून हसला. काकूंनी चमकून मागे पाहिलं. त्याचं हसणं ऐकून त्यांना कितीतरी महिने झाले होते.

ज्ञानेश्वरच्या अगदी ओठांवर सगळा खुलासा आला होता. तो त्याने गिळला आणि गाडी सुरू केली.