कुरकुरणारं कमळ

नाना पेठे माणसांना अरे-तुरे करत आणि यंत्रांना अहो-जाहो. कारखान्यातल्या साहेबाला "तुझं काय ते लवकर बोल" म्हणणारे नाना पत्र्याचा मोर पुढ्यात घेऊन हळुवारपणे विचारत, "कुठं अडतंय आपल्याला?"

अंबरनाथला आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटेच राहत. दिवसा फिटर, संध्याकाळी जुन्या चावीच्या शोभेच्या वस्तूंचे वैद्य. गणपतीपुढं चवरी ढाळणाऱ्या बाहुल्या, मान डोलावणारे मोर, कुणाच्या तरी आजोबांनी हौसेनं घेतलेले. त्यांचे सुटे भाग कुठंच मिळत नसत. नाना ते कानशीनं घासून घरीच बनवत. त्याला पितळ लागे आणि ते शेजाऱ्यांकडून येई. नाना दिसले की चाळीतल्या बायका डबे आत नेत. आमच्या पोह्यांच्या डब्याचं झाकण असंच गणपतीच्या उंदराच्या पोटात चाक होऊन बसलं. बायको भांडायला गेली, तर म्हणाले, "डब्यावर ताटली ठेव. उंदराच्या पोटात ताटली बसेल का?"

फाळणीनंतरच्या एका दिवाळीच्या तोंडावर उल्हासनगरच्या कॅम्पातून देवीबाई नावाच्या सिंधी बाई आल्या. पदराखालून त्यांनी पितळी कमळ काढलं. चावी दिली की पाकळ्या उघडायच्या आणि आत लक्ष्मी दिसायची. शिकारपूरहून येताना कपडेलत्ते मागं राहिले, पण सासूनं हे कमळ सोडलं नव्हतं. वाटेत आतलं चाक मोडलं होतं.

"मास्तर, अम्मा की आँख तो गई," देवीबाई म्हणाल्या. "दिवाली में बस ये चलना चाहिए."

नानांनी कमळ कानाशी धरलं. "बरे होतील हे."

पुढचे काही दिवस कानशीचा आवाज थांबला नाही. मग नाना मला घेऊन कॅम्पात गेले. बराकीत गोणपाटाचे पडदे लावून खोल्या केल्या होत्या. एका खाटेवर म्हातारी बसली होती. नानांनी चावी दिली. कमळ लोण्यासारखं उघडलं, आवाज म्हणून नाही. नाना खुशीत माझ्याकडं बघू लागले.

म्हातारी वाट बघत राहिली. सुनेनं "उघडलं" म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं पाकळ्या चाचपल्या आणि कमळ दूर सारलं. "ही असांजो नाहे."

"ये हमारा नहीं है, बोलती है," देवीबाई ओशाळून म्हणाल्या. "पहले आवाज करता था ना, कर्र, कर्र. अम्मा समझती है, आपने बदल दिया."

नानांचा चेहरा लाल झाला. "मी? बदललं?" कमळ बगलेत मारून ते तडक बाहेर पडले. टांग्यात अंबरनाथपर्यंत बडबडत होते, "आवाज हा रोग आहे रे! रोग बरा केला, तर मी चोर?"

घरी आल्यावर मात्र त्यांनी दार लावून घेतलं. मी डोकावलो, तर आपणच घासलेल्या गुळगुळीत चाकाचे दाते नाना कानशीनं खरबरीत करत होते. एकेक दाता बिघडवायचा, चावी द्यायची, ऐकायचं.

"नाना, हे काय?"

"गप. बाई कर्र म्हणाली की कुर्र?"

लक्ष्मीपूजनाला आम्ही पुन्हा बराकीत गेलो. नानांनी चावी दिली. कर्र, कर्र करत पाकळ्या उघडल्या. म्हातारीनं सुनेचा हात घट्ट धरला आणि हलक्या आवाजात घरातल्या माणसांची नावं घेऊ लागली. त्यातले बरेच जण आता नव्हते, असं देवीबाईंनी मला सांगितलं.

मग म्हातारीनं नानांना जवळ बसवून काही विचारलं.

"आपके घर में कौन कौन है, पूछती है."

नाना धोतराच्या सोग्यानं कमळाची चावी पुसू लागले. म्हातारीनं आणखी विचारलं नाही. चाचपडत मिठाईची थाळी त्यांच्याकडं सरकवली.

काळोख पडू लागला, तसा मी उठलो. "नाना, चला. टांगा मिळायचा नाही."

"तू हो पुढं," नाना म्हणाले. "हे परत नीट उघडतायत का, तेवढं बघून येतो."

"नीटच उघडतंय की!"

"तरी," ते म्हणाले आणि मांडी घालून नीट बसले.