अक्काकडे जाण्यासाठी योग्य महिना

प्रवासातला सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे निघणं. आजवर ज्यांचं सामान हरवलं, पोट बिघडलं किंवा पाय मुरगळला, ती सगळी माणसं आधी घरातून निघालेली होती. न निघालेल्या माणसाची बॅग परक्या स्टेशनवर राहिल्याचं एकही उदाहरण नाही. आमच्या घराण्यात हे सत्य पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं, ते आमचे थोरले बंधू, दादा. दादा नियोजन खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या कारकिर्दीत नदीवर एक पूल नियोजित झाला. तो आजही नियोजित आहे, आणि म्हणूनच त्याला अद्याप एकही तडा गेलेला नाही.

अक्का दादांहूनही मोठी. लग्न होऊन ती पार तिकडे, जिथं थंडी फक्त भूगोलाच्या पुस्तकात असते अशा एका जिल्ह्याच्या शहरात गेली. भावोजींचा तिथं बर्फाचा कारखाना. (उन्हाळ्याबद्दल कृतज्ञतेनं बोलणारा हा एकच माणूस मी पाहिला.) आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, कुणाचं ऑपरेशन असो, अक्का दोन दिवसांचा प्रवास करून हजर व्हायची. आमच्यापैकी तिच्याकडे कधी कुणी गेलं नव्हतं. भांडण वगैरे काही नव्हतं. जायचं हे नक्की ठरलेलं होतं, आणि एकदा ठरलेली गोष्ट करून टाकायची घाई शहाण्या माणसाला नसते.

अक्काचा प्रत्येक फोन एकाच वाक्यावर संपायचा. "या रे एकदा. आम्ही दोघंच आहोत. वरची खोली नुसती पडून आहे."

"येणार, येणार," आम्ही म्हणायचो, आणि ते अगदी मनापासून म्हणायचो.

दादा निवृत्त झाले तेव्हा हा विषय रीतसर पटलावर आला. दर रविवारी चहानंतर दादांच्या दिवाणखान्यात बैठक भरू लागली. वहिनींकडे आरोग्य, माझ्याकडे दळणवळण, आणि माझ्या बायकोकडे सामानसुमान असं खातेवाटप झालं. बायकोनं पहिल्याच बैठकीत आपलं मत मांडलं. "तिकीट काढायचं आणि जायचं. बहीणच आहे ना सख्खी?" हे मत अल्पमत म्हणून नोंदवण्यात आलं आणि तिला चहाचे कप आत न्यायला सांगण्यात आलं.

पहिला प्रश्न महिन्याचा. उन्हाळ्यात तिकडे ऊन असतं, म्हणून तो बाद. पावसाळ्यात पाऊस असतो, हे दादांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून पडताळून घेतलं. पावसानंतर डास. डास संपले की हवा अतिशय सुखद होते, पण सुखद हवेत माणूस गाफील राहतो आणि गाफील माणसाला सर्दी होते, असा वहिनींच्या खात्याचा अभिप्राय आला. शिवाय त्याच दिवसांत गाड्यांना गर्दी, कारण ज्यांनी नियोजन केलेलं नसतं ते सगळे तेव्हाच निघतात. अशा रीतीनं बाराही महिने बाद झाले. उरला तेरावा. पण तो दुष्काळातच येतो, आणि तिकडे पाणी मुबलक.

अशा पेचात तज्ज्ञ लागतो. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात. तरुणपणी त्यांची गाडी चुकून ते अक्काच्या शहराच्या स्टेशनवर एक अख्खी दुपार अडकले होते. ते वेटिंग रूमच्या बाहेर पडले नव्हते, परंतु त्यांनी दार उघडून पाहिलं होतं. एवढं खोलवर ज्ञान आमच्या ओळखीत दुसऱ्या कुणाला नसल्यामुळे दादांनी त्यांना सल्लागार नेमलं.

"पाणी प्यायचं नाही," अनुभवी म्हणाले. "कापलेलं फळ खायचं नाही. न कापलेलं कापायचं नाही. आणि झाडाखाली, झाडाजवळ, झाड दिसेल अशा खिडकीत झोपायचं नाही. डास पानांच्या मागच्या बाजूला राहतात."

दादांनी अक्काला फोन लावून पाण्याविषयी विचारलं. अक्का हसली. "अरे, आम्ही जन्मभर हेच पाणी पितोय की."

दादांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि आम्हाला गंभीरपणे म्हणाले, "हितसंबंध गुंतलेली व्यक्ती आहे." ते खरंच होतं. आपण तिच्या घरी यावं अशी अक्काची उघड इच्छा होती. त्यामुळे त्या शहराबद्दल तिच्याकडून आलेली माहिती ग्राह्य धरू नये, असं एकमतानं ठरलं. (माझी बायको तेव्हा स्वयंपाकघरात होती.)

यानंतर अक्काकडे शंका पाठवायला सुरुवात झाली. वरच्या खोलीचा जिना उभा आहे का? वहिनींच्या गुडघ्यांना तो झेपेल का? अक्कानं महिन्याभरात दोन्ही बाजूंना कठडे बसवून घेतले. संडास कोणत्या पद्धतीचा? अक्कानं पद्धत बदलून घेतली. खिडक्यांना जाळ्या? बसवल्या. गाद्या कापसाच्या की फोमच्या? दादांची पाठ आणि वहिनींची पाठ यांत मतभेद असल्यामुळे अक्कानं एकेक दोन्ही घेतल्या. प्रत्येक पूर्ततेनंतर आम्ही तिचं मनापासून कौतुक केलं आणि पुढची शंका पाठवली. यजमान कसा असावा, तर अक्कासारखा. आमच्या हयातीत दादांना इतकं तत्पर खातं दुसरं लाभलं नव्हतं.

मग झाडाचा विषय निघाला.

अक्काच्या अंगणात फणस होता. त्याच्या फांद्या थेट वरच्या खोलीच्या खिडकीशी आल्या होत्या, हे तिनंच एकदा कौतुकानं सांगून ठेवलेलं. अनुभवींनी ते ऐकलं आणि नुसती मान हलवली. दादांनी लगेच फोन लावला. या वेळी भावोजी बोलले. भावोजी कमी बोलणारे. बर्फवाल्याला फार बोलून चालत नाही, तोवर माल वितळतो, असं ते स्वतःच म्हणत.

"दादा, ते झाड माझ्या वडिलांनी लावलंय," भावोजी म्हणाले. "माझी खुर्ची त्याच्याखालीच असते. त्याच्या सावलीमुळं वरच्या खोलीत पंखासुद्धा लावावा लागत नाही."

"भावोजी, तुम्ही भावनेच्या बाजूनं बोलताय," दादा म्हणाले. "मी डासांच्या बाजूनं बोलतोय."

यावर भावोजींना उत्तर सुचलं नाही. बहुतेकांना सुचलं नसतं.

काही दिवसांनी अक्काचा फोन आला. "पाडलं झाड. आता तरी या." तिचा आवाज बसल्यासारखा वाटत होता. लाकडाचा भुसा घशात गेला असावा, असं आम्ही धरलं.

बैठकीत समाधानाचं वातावरण होतं. मी तर तिकिटांची चौकशीही करून आलो. तेवढ्यात पुढच्या फोनमध्ये अक्का बेसावधपणे बोलून गेली, की वरची खोली आता दुपारची भट्टीसारखी तापते. दादांनी फोन ठेवला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "अशा खोलीत आपण कसे जाणार?"

भट्टीत माणसानं स्वखुशीनं जाऊ नये हे उघड होतं. खोली तापण्याचं कारण काय, तर सावली नाही. सावली का नाही, तर झाड नाही. यावर उपाय म्हणजे झाड लावणं. दादांनी तशी सूचना अक्काला केली आणि फणसाला सावली धरायला किती वर्षं लागतात याची माहिती मागवली. दौरा तूर्त दीर्घकालीन टप्प्यात टाकण्यात आला.

"भावोजी बसतात कुठे मग आता?" माझ्या बायकोनं विचारलं.

हा प्रश्न कार्यकक्षेबाहेरचा होता. तिनं कप उचलले आणि ती आत गेली. त्या रविवारी ती बराच वेळ बाहेर आली नाही.

भावोजी बसायला तसे घरातच बसत होते, पण घरही तापू लागलं होतं. त्यांना दमा होताच, तो वाढला. तिथल्या डॉक्टरांनी या हवेत राहू नका असं सांगितलं. (डॉक्टरही पूर्वी त्याच हवेत बरं वाटेल म्हणत, पण तेव्हा झाड होतं.) अक्काची मुलगी, म्हणजे आमची भाची, दूर डोंगरातल्या एका थंड गावी नोकरीला आहे. ती आली, कारखाना दुसऱ्याला चालवायला दिला, घर विकलं आणि आईवडिलांना घेऊन गेली. आम्हाला हे सगळं झाल्यावर कळलं. "तुम्हाला उगाच धावपळ नको म्हणून कळवलं नाही," अक्का म्हणाली.

दादांना फार वाईट वाटलं. दोन रविवार त्यांनी बैठक घेतली नाही. तिसऱ्या रविवारी मात्र त्यांचा चेहरा उजळलेला होता. आता त्या शहरात आपलं कुणी नाही, ते म्हणाले, म्हणजे कुणाला त्रास देण्याचा प्रश्न नाही. खोलीचा प्रश्न नाही, जिन्याचा नाही, झाडाचा नाही. हॉटेलात उतरलं की झालं. सर्व अडचणी दूर झालेल्या आहेत. आणि एवढं परिपूर्ण नियोजन वाया घालवणं बरोबर दिसणार नाही.

म्हणून आम्ही गेलो. ऐन उन्हाळ्यात गेलो, कारण तेव्हाच तिकिटं मिळाली.

शहर चांगलं निघालं. रस्ते रुंद, दुपारी दुकानं बंद, संध्याकाळी नदीवरून वारा यायचा आणि माणसं पायऱ्यांवर गप्पा मारत बसायची. डास होते, आमच्याकडे असतात तितकेच, पण इथले जरा सुस्त. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, घर निदान बाहेरून पाहून येऊ. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायला लागलो तर तो म्हणाला, "बर्फवाल्यांचं घर ना? पाहुणे वाटतं त्यांचे." मग गाडी वळवता वळवता म्हणाला, "ते तर गेले."

"माहीत आहे," दादा म्हणाले.

फाटकाशी एक शिक्षिका कपडे वाळत घालत होत्या. घर त्यांनीच घेतलं होतं. अंगणात फणसाचं खोड गुडघ्याएवढं उरलं होतं, त्यावर त्यांची बादली ठेवलेली. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि दादांकडे नीट पाहिलं.

"म्हणजे वरची खोली तुमची?"

दादांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं.

"आम्ही तिला भावाची खोलीच म्हणतो," शिक्षिका म्हणाल्या. "किल्ल्या देताना काकू म्हणाल्या, ही अजून कुणी वापरलेली नाही. या ना, वर या."

वहिनी दोन्ही कठडे धरून वर गेल्या. कठडे उत्तम होते. खोलीत दोन पलंग होते, एकावर कापसाची गादी, एकावर फोमची. जाळ्या, मच्छरदाण्या, उशाशी तांब्या. घरासोबत सामानही घेतल्यामुळे शिक्षिकांनी काहीच हलवलं नव्हतं. खोली खरोखरच तापलेली होती. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. उष्ण हवेत असं होतं. दादा कापसाच्या गादीवर बसले आणि त्यांनी ती तळहातानं दाबून पाहिली.

"काम चांगलं करून घेतलंय तिनं," ते म्हणाले.

शिक्षिकांनी माठातलं पाणी आणलं. दादा अख्खा पेला प्यायले. मग दुसरा मागितला. माझी बायको त्यांच्याकडे बघत दारातच उभी होती. तिला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्या दिवशी तिनं अल्पमतही मांडलं नाही.

दादांच्या पोटाला काहीही झालं नाही.

परत आल्यावर दादांनी अक्काला फोन केला. आम्ही सगळे समोर होतो. "अक्का, शहर छान आहे गं तुझं."

"हो ना," अक्का म्हणाली. "घराकडे गेला होतास?"

"गेलो होतो. वर जाऊन आलो."

"वारा येतो का रे वरच्या खोलीत?"

"येतो की. भरपूर." नियोजन खात्यात अख्खी नोकरी करून दादा याआधी कधी पडताळणीशिवाय बोलल्याचं मला आठवत नाही. "भावोजी कसे आहेत?"

"झोपलेत. चल, ठेवते मग."

आणि तिनं फोन ठेवला. दादा रिसीव्हर कानाशी धरून तसेच बसले. नेहमीचं वाक्य राहून गेलं होतं. मागाहून लक्षात आलं म्हणून ती पुन्हा फोन करील, असं वाटून आम्ही थोडा वेळ बसलो. मग चहा झाला.

पुढच्या रविवारी अनुभवी थंड प्रदेशाची माहिती घेऊन आले. डोंगरात काय प्यायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण दादांनी बैठक सुरूच केली नाही. निमंत्रण प्राप्त झालेलं नसताना नियोजन हाती घेता येत नाही, असं ते म्हणाले. "बहिणीकडे जायला बोलावणं लागतं का?" माझ्या बायकोनं विचारलं. दादा खिडकीकडे बघत राहिले. या वेळी तिचं मत नोंदवायचं राहून गेलं.

एव्हाना तुम्हाला दादांचा राग आला असेल. तो योग्यच आहे, तत्त्वतः मंजूर. आमच्या पाहणीनुसार, दादांचा राग येणाऱ्या शंभर माणसांपैकी नव्वदांना कुणीतरी दर फोनला 'या एकदा' म्हणतं, आणि ते मुलांच्या परीक्षा होऊन जाण्याची वाट पाहत असतात. (त्यातल्या निम्म्यांची मुलं आता नोकरीला आहेत.) उरलेल्या दहांना पूर्वी कुणीतरी म्हणत असे. तुम्ही नव्वदांतले आहात, हे तुम्ही मनाशी धरूनच चालला आहात. शेवटचा फोन ठेवताना पलीकडून काय म्हणाले होते, तेवढं जरा आठवून पाहा.