खाली बसा!

इंगळेसरांनी ओट्यावरून "खाली बसा!" म्हटलं की उज्जैनच्या माधव नगरात उभं कोणी राहत नाही. तिकडे नानाखेड्याच्या बसस्टँडवर रांगेतली माणसं जागच्या जागी मांडी घालतात. मी स्वतः पाहिलेलं नाही, ऐकलंय. पसरवलंयही मीच.

सर सरकारी शाळेत पी.टी. शिकवायचे. मी त्यांच्याच हाताखालून गेलो. शिट्टी त्यांना कधी लागलीच नाही. रिटायर झाले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलनीतल्या पोरांना शिकवायला घेतलं काय, तर शांत बसणं! गावातला सगळ्यात मोठा आवाज आणि विषय शांतता. अट एकच: मोबाइल बाहेर, चपलांशेजारी.

पहिल्याच दिवशी घोळ. सर म्हणाले, "खाली बसा." पोरं बसली. "अरे, खाली बसा!" पोरं ओट्यावरून उतरून अंगणात बसली. तिसऱ्यांदा गरजले तेव्हा माझी लेक मिनू रडवेली होऊन म्हणाली, "सर, अब और कितना नीचे?"

तेव्हा उलगडा झाला. सरांचं 'खाली' हिंदीतलं. म्हणजे रिकामं.

"आपल्याकडे दोन्ही चालतं की!" सर म्हणाले. "बूड मराठीत बसवा, डोकं हिंदीत!"

मग एकेक प्रकार सुरू झाले. काठोकाठ भरलेला लोटा घेऊन अंगणाला फेरी मारायची. थेंब सांडला की पुन्हा पहिल्यापासून. "लोट्याकडे बघ, चॅम्पियन! दुनिया गई तेल लेने!" पोह्यांचा पहिला घास डोळे मिटून खायचा आणि जिभेला आधी शेव लागली की जिरावणाचा मसाला, ते सांगायचं. मिनू आता घरीही एक घास इतका वेळ चावते, की तेवढ्यात मी तिची बशी संपवतो.

सगळ्यात शेवटी ऐकणं. डोळे मिटायचे, कानावर येईल ते सांगायचं. नसलेलं सांगायचं नाही.

"कूलर!"

"और?"

"कबूतर!"

"और?"

"कोणाचा तरी कुकर!"

"और?"

शेवटी कोणीतरी म्हणे, "काकू आत गुणगुणतायत." काकू म्हणजे सरांची बायको, पोरंही काकूच म्हणतात. एवढं ऐकलं की सर विरघळायचे. "हां! कोणतं?" पोरं जोरजोरात ती चाल म्हणून दाखवायची, सर मान डोलवायचे, आणि वर्ग सुटायचा. रोज. काकूंच्या आधी एकदाही सुटला नाही.

एकदा मी छेडलं, "सर, काय भानगड आहे?"

"कान गेले रे," सर म्हणाले. "जोरात बोललेलं कळतं. तिचा आवाज बारीक. डॉक्टरनं मशीन दिली, तर कूलरचं हेलिकॉप्टर झालं, ही आपली गायबच." मग हसले. "नोकरीत होतो तेव्हा सकाळी गायचीच की. मी मध्येच ओरडायचो, माझे मोजे कुठेत!"

परवा मिनूला आणायला गेलो, तर वर्ग सुटलेला नव्हता. मी दाराशी उभा राहिलो. कूलर झाला, कबूतर झालं, कुकर झाला, भंगारवाला येऊन गेला.

"और?"

पोरांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"और?" सरांची मान स्वयंपाकघराकडे वळली. आत भांडी वाजत होती, बाकी काही नाही. पोरं कपाळाला आठ्या घालून ऐकत होती, पण नसलेलं सांगेनात. शिकवणच तशी होती.

मला राहवेना. जन्मभर इतक्या थापा मारल्या, त्यात आणखी एक. उभ्या उभ्या ठोकून दिलं, "सर, काकू गुणगुणतायत!"

सगळ्या पोरांचे डोळे उघडले. मिनूनं तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिचे पोहे खाताना बघते.

सर बोलले. त्यांना इतकं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

"तिचा घसा बसलाय रे, दोन दिवस झाले. सकाळ-संध्याकाळ काढा मीच करून देतोय. लागू पडला का, तेच बघत होतो."

मी मान खाली घातली.

"पण असू दे," सर म्हणाले. "कोणतं गुणगुणत होती, ते तर सांग."

मला एक चाल सुचेना. थाप तर नाहीच नाही. पोरांनी सरकून जागा केली आणि मी खाली बसलो. दोन्ही भाषांत.