दोन मिनिटांचा हॉल्ट

मंजिरीला समुद्रात फक्त पाय बुडवायचे होते. बस्स, एवढंच! रायपुरात जन्म, तिथल्याच शंकर नगरात सासर, समुद्र दिसत होता तो आयुष्यात पहिल्यांदा. विशाखापट्टणमहून भीमिलीकडे जाणारा रस्ता, एका हाताला टेकड्या, दुसऱ्या हाताला काळे खडक अन् त्यांवर फुटणाऱ्या ह्या एवढ्याल्या लाटा! पण सासरे अनंतराव पडले रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. सहलीचं टाइमटेबल त्यांनी घरूनच लिहून आणलेलं, सोबत शिट्टी अन् लाल-हिरव्या झेंड्याही. प्रत्येक जागी हॉल्ट दोन मिनिटं. मंजिरी खडकांवरून अर्धी उतरेपर्यंत वर शिट्टी!

“बाबा, पाच मिनिटं तरी!”

“अन् लेट कोण भरून काढंल, सूनबाई? तू?”

चौथ्या हॉल्टला टेकडीवरून दगड कोसळून अर्धा रस्ता बंद झालेला. अनंतराव कारच्या मागे उभे राहिले, शिट्टी फुंकली अन् हिरवी झेंडी हलवली. मुलगा सचिन गार्डाच्या घरात वाढलेला. हिरवं दिसलं की त्याचा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. निघाली गाडी!

सहा किलोमीटरवर लहानगी ईरा म्हणाली, “मम्मी, दादाजी चिल्ला क्यों नहीं रहे?”

मागच्या सीटवर तिच्या शेजारी चिवड्याचा डबा होता अन् अनंतरावांचा फोन. अनंतराव नव्हते.

“अहो, तुम्ही बाबाले सोडून आले!”

“त्यायनंच झेंडी देल्ली ना!”

“झेंडी देल्ली म्हणून सोडून द्याचं?”

“गार्ड चालत्या गाडीत चढते ना वो!”

गाडी वळवली. पण ती जागा यायच्या आधीच समोर गाड्यांची ही लांब रांग! बस, नारळाचा टेम्पो, पोलिसांची जीपसुद्धा. सगळे कसे शिस्तीत, एक हॉर्न नाही. सचिननं गाडी रांगेच्या शेवटी लावली. तिघं धावतच पुढे गेले.

दगडावर अनंतराव उभे! एका हातात लाल, एका हातात हिरवी. अरुंद रस्त्यावरून एकदा इकडच्या गाड्या सोडत होते, एकदा तिकडच्या. मराठी कोणालाच येत नव्हती अन् कोणाचं काही अडत नव्हतं. एक हवालदार शहाळं घेऊन अदबीनं बाजूला उभा.

“बाबा, चला!” सचिन ओरडला.

“आपली गाडी कितवी हाय?”

“सत्तेचाळिसावी.”

“मंग तुमचा नंबर येऊ दे, तवा चढतो. सिंगल लाइन हाय.”

“अहो, आम्ही घरचे आहो!”

“घरचे म्हणून सिग्नल तोडाचा? छत्तीस वर्षं नौकरी केली मी! तासभर तरी लागंल.”

सचिननं बायकोकडे पाहिलं. “तूच समजाव. तुयं ऐकतेत ते.”

मंजिरीनं सासऱ्यांकडे पाहिलं. रांगेकडे पाहिलं. मग खाली, लाटांकडे.

“बाबा, बरोबर हाय तुमचं,” ईराचा हात धरून खडक उतरता उतरता ती ओरडली, “आपली गाडी सगळ्यात शेवटी सोडजा!”