देवरेकाकांचा थंडगार बोर्ड

देवरेकाका कुणाच्याही घरी गेले तरी आधी माणसांकडे बघत नसत. दारात चपला काढायच्या, सरळ विजेच्या बोर्डापाशी जायचं आणि तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा त्याच्यावर उलटा हात ठेवायचा. मग निदान. "ताप हाय." समोरच्या जोशीबाईंचे यजमान गेले, तेव्हा भेटायला जाऊनही "वहिनी, धीर धरा"च्या आधी "वहिनी, मेन स्विच बदला" म्हणाले.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी करून निवृत्त झालेला आणि जेल रोडला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारा हा माणूस. विजेतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही हा त्यांचा समज आम्ही मुकाट्याने मान्य केला होता, कारण वाद घातला की चहा दोनदा टाकावा लागे. भारनियमनाचे दिवस होते. वीज आली रे आली की गल्लीतल्या मोटारी, गिझर, इस्त्र्या सगळं एकदम सुरू व्हायचं आणि काका बोर्ड तपासायला निघायचे.

"मॅडम, हे चिनीमातीचे फ्यूज कवाचे? घरात चार वस्तू वाढल्या, बोर्ड हाय तोच. एमसीबी बसवा." मागे लागून लागून त्यांनी माझ्याकडे ते आपोआप पडणारे खटके बसवून घेतलेच.

आणि स्वतःच्या घरात? लाकडी बोर्ड, तेच चिनीमातीचे फ्यूज, आणि एका वेळी एकच वस्तू लावायची हा कायदा. काकू स्वयंपाकघरातून "मिक्सर लावते हो!" अशी आरोळी ठोकायच्या, मग काका पंखा बंद करून घाम पुसत बसायचे. पुण्याच्या मुलीने आईची बोटं आखडलीत म्हणून कपडे धुवायचं मशीन पाठवलं होतं. ते मागच्या खोलीत चादर पांघरून उभं, वर निफाडहून आलेले कांदे पसरलेले. ते लावलं की फ्यूज उडायचा. काकू मोरीत बसून सतरंज्या पिळायच्या.

माझं डोकं फिरायचं. एकदा म्हटलंच, "काका, गल्लीभर डॉक्टरकी करता, घरच्या रोग्याचं काय?"

त्यांनी आपल्या बोर्डावर उलटा हात ठेवला. "थंडगार हाय."

मी हात ठेवला, तो चटका बसला. "काका, अहो पोळतंय!"

"तुमचाच हात गरम हाय, मॅडम."

असा अप्पलपोट्या माणूस मी पाहिला नाही, हे मी काकूंना तोंडावर सांगितलं. त्या पिळा हातात धरून हसल्या. "अप्पलपोटे नाय हो. तो बोर्ड संजूनं बसवलाय."

संजू त्यांचा मुलगा. आयटीआय करून वायरमन झाला आणि या घराचं वायरिंग हे त्याचं पहिलं काम. वास्तुशांतीला काकांचे साहेब, सोबती जेवायला आलेले. सगळ्यांदेखत काकांनी बोर्डावर हात ठेवला आणि म्हणाले, "कच्चं काम. याच्यापेक्षा आमचा हेल्पर बरा." पंगत हसली. संजू वाढत होता. हातातलं पातेलं खाली ठेवून तो निघाला, तो वापीला गेला. लग्नसुद्धा परस्पर केलं.

"दोन पंखे चालू व्हते तवा. काय तापणार व्हतं?" काकू म्हणाल्या. "यांना साहेबापुढं मिरवायचं व्हतं. आता बोर्डाला कुणी नाव ठेवलेलं चालत नाय. अन् पिळायला मी हायेच."

मे महिन्यातल्या एका दुपारी तो बोर्ड धुमसला. मी धावत गेले. काकांनी मेन बंद केला होता. चौकातून बोलावलेल्या वायरमनने आल्या आल्या फळी उघडली. "बदलावाच लागेल, काका."

काका खुर्चीत बसून होते. "काम कसं हाय?"

"जुनं झालंय."

"ते नाय इचारलं. करणाऱ्यानं काम कसं केलंय?"

वायरमनने आत वाकून पाहिलं. "काम साफ आहे. जोड अजून पक्के आहेत. लोड वाढला, त्याला तो काय करणार?"

"पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं. काका आत वळून ओरडले, "ऐकलं का? काम चांगलं व्हतं!"

काकू ओल्या हातांनी दारात आल्या. "मला काय सांगता? मी कधी वाईट म्हटलं व्हतं?"

मला काकांची कीव आली आणि काकूंसाठी चीडही आली. वायरमन पक्कड घेऊन तारा तोडायला लागला. फळी जळून कोळसा झालेली, भंगारवाल्यानेही घेतली नसती.

"हळू काढ," काका म्हणाले.