सरकारी हात चार बोटे कापिला त्याची हकिकत

या बाबांनो, मायांनो, जवळ सरून बसा, टाळ क्षणभर खाली ठेवा आणि श्रीहरीचे नाव घेऊन ऐका. गोष्ट सांगतो ती एका नगरीची, जेथे लेकरे खुजी जाहली म्हणोन दरबाराने मापच खुजे केले. शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, व्यय नाम संवत्सरी, चैत्रमासी हे वर्तमान घडले.

त्या नगरीस पूर्वीच्या पुण्यवंत राणीसाहेबांनी नेम घालून दिला होता की, दर पाडव्यास चावडीवर लेकरे मापावी, बारा वर्षांचे लेकरू तीन हात भरले पाहिजे, धाकटी त्या मानाने, आणि जे भरणार नाही त्यास सदावर्तात दुपारचे जेवण सरकारातून मिळावे. ऐसे चालता पिढीमागून पिढी उंच निघाली, जवान पोरे भाल्यासारखी सरळ वाढली. मग दुष्काळ पडला, आणि त्याचे पाठीवर दुसरा पडला, आणि नातवंडे आज्याच्या खांद्यास पुरेनात, अठरा वर्षांचे जवान घोड्यावर चढावयास ओटा शोधू लागले, आणि सदावर्ताची पंगत देवडीबाहेर गेली. तेव्हा कारभारी अप्पाजीपंत यांस मोठी चिंता पडली. लेकरांची नव्हे, कोठाराची. मग त्यांनी अक्कल लढविली आणि मापावयाचा लाकडी सरकारी हातच चार बोटे कापविला, आणि पाडव्यास त्या तोकड्या हाताने मापिता नगरीतील यच्चयावत लेकरे एका दिवसात उंच जाहली. महाराजांनी तोफा उडविल्या, साखर वाटिली, आणि उंच लेकरांस सरकारी अन्न कशास, म्हणोन पंतांनी सदावर्ताची चूल विझविली.

त्या नगरीत तुळसा म्हणोन परटीण होती. तिची लेक ठकी वयाने बाराची, अंगाने आठाची. ती दुपारी थाळी घेऊन गेली तो सदावर्ताच्या दारास कुलूप.

शिपाई म्हणाला, "घरी जा पोरी, तू उंच झालीस."

ठकी म्हणाली, "मग घरच्या शिंक्याला माझा हात अजून का पोचत नाही?"

शिपायाने चावडीकडे बोट दाखविले. तुळसा गाऱ्हाणे घेऊन चावडीवर गेली. पंत गरजले, "दरबाराचे माप खोटे म्हणतेस?"

"माप कशाला खोटं म्हणू, सरकार? पोर उपाशी आहे, एवढंच म्हणते."

तिला हाकलून दिले. आणि मग रामनवमी आली. देवास दर साली सरकारातून नवा जामा चढे, खांद्यापासून पावलापर्यंत चार हात. यंदा तो त्याच तोकड्या हाताने बेतला, आणि पंतांच्या ध्यानी काही आले नाही. हरिदास मुकुंदबुवा कीर्तनास उभे राहिले, महाराज सहपरिवार उपाशीपोटी सन्मुख बसले. काय ती वाणी सांगावी, कौसल्यामाईचे डोहाळे गाता गाता बुवांनी दगडास पाझर फोडिला. मग भर दुपारी गुलाल उधळिला, पडदा सारिला, तो काय, देवाच्या नडग्या उघड्या.

सभेत कुजबुज उठली. पंत पुटपुटले, "शेला गुंडाळा, शेला."

तुळसा ठकीस घेऊन गाभाऱ्यापुढे आली आणि म्हणाली, "हात लावू नका. पाडव्याला माझी पोर वाढली, तसा देवही वाढला म्हणा की. पाषाण वाढला म्हणा."

पंत म्हणाले, "बाई, देवाच्या दारी पोटाचे बोलू नये."

तेव्हा बुवांनी चिपळ्या खाली ठेविल्या आणि विचारिले, "मग कोणाच्या दारी बोलावे, पंत?"

आणि बायका एकेक उठून तुळसेशेजारी बसल्या, आणि बुवांनी आरती धरिली नाही. आरतीवाचून कीर्तनातून उठणे हे महापाप, ते महाराजांस ठाऊक. दुपार कलली. सुंठवड्याचा वास सुटला, त्यास कोणी शिवेना. बाळराजे रडू लागले, आणि महाराजांचे पोट सभेदेखत गुरगुरले.

महाराज म्हणाले, "बुवा, आरती केव्हा?"

"पोरांची पाने वाढली की लगेच."

"आणि मी आज्ञा केली तर?"

"मान आपली आहे, महाराज, ती कापून न्यावी. गळा मात्र रामाचा आहे."

महाराजांनी आपल्या पोटावर हात ठेविला, बाळराजांकडे पाहिले, ठकीकडे पाहिले, आणि कुलपाची किल्ली मागविली. चूल पेटली, पाने वाढली, मग आरती जाहली. तोकडा हात चुलीत गेला आणि जुन्या मापाचा नवा हात चावडीवर टांगिला.

तात्पर्य, पुढील पिढ्या पुन्हा उंच निघाल्या, आणि दरबाराने ते आपल्या पुण्याईचे फळ म्हणोन लिहविले. ठकीची वाढीची वर्षे मात्र दुष्काळाने खाल्ली होती, ती परत आली नाहीत. ती जन्मभर सदावर्तात वाढपीण राहिली. एकदा एका धिप्पाड जवानाने थट्टा केली, "ठकूआत्या, तुम्ही एवढ्याशाच कशा?" ती त्याच्या पानावर भात घालीत म्हणाली, "माझी उंची नको मोजू, मेल्या. माझ्या पंगतीची मोज." श्रोते हो, आपले लेकरू अंगणात उभे करून मापाल, आणि ते बोटभर वाढलेले दिसेल, तेव्हा त्या ठकीस आठवावे, इतके मागणे.